वऱ्हाड कसे गहाण पडले

आमच्या शहरातल्या क्रांती चौकातून रोज हजारो माणसे येतात-जातात. तिथला काळा चबुतरा १८५७ ची आठवण म्हणून दाखवला जातो. त्या वर्षी जूनमध्ये इथल्या छावणीतल्या घोडेस्वारांनी बंडाचा झेंडा उभारला. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. हे आपल्याला ठाऊक असते. पण ते घोडेस्वार कुणाचे होते, हे फारसे कुणी विचारत नाही. ते 'हैदराबाद कंटिन्जंट'चे. पगार निझामाच्या तिजोरीतून, हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा. आज त्या पगाराची गोष्ट सांगायची आहे, कारण त्या पगारापायी एक अख्खा मुलूख गहाण पडला.

माझे अब्बा शहागंजात एका कापडाच्या दुकानावर मुनीम होते. दिवसभर जमाखर्चाची लाल वही आणि रात्री शायरी. महाराजा चंदूलाल हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकले. चंदूलाल हैदराबादचे पेशकार. १८०८ पासून १८४३ पर्यंत राज्याचा कारभार बहुतेक त्यांच्याच हाती होता. 'शादां' या तखल्लुसाने ते स्वतः शायरी करत. दिल्लीचे शाह नसीर त्यांच्या आश्रयाला आले आणि हैदराबादच्याच मातीत मिळाले. हिंदू पेशकार उर्दूत लिहितो, मुसलमान निझामाचे राज्य चालवतो! मी मराठीत लिहू लागलो तेव्हा अब्बांनी मला चंदूलालांचाच दाखला दिला होता. त्यामुळे हा माणूस मला घरचा वाटत आला.

पुढे बी. ए. ला इतिहास घेतला आणि या घरच्या माणसाची वही उघडून पाहावी लागली.

त्या वहीत सर्वांत मोठा खर्च फौजेचा. १८०० च्या तहाने निझामाने लढाईच्या वेळी सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ द्यायचे होते. लढाईच्या वेळी, हे लक्षात घ्या. पण रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात शांततेतही एक कायमची फौज उभी राहिली. औरंगाबाद, हिंगोली, एलिचपूर, मोमिनाबाद (म्हणजे आजचे अंबाजोगाई) अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या आसपास. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार असे घसघशीत की 'बिचारा निझी सगळ्यांचे भरतो' अशी थट्टाच त्यांच्यात चाले. चंदूलालांनी याला नकार दिला नाही, कारण त्यांची गादीच रेसिडेंटच्या मर्जीवर होती.

पैसे कमी पडले की कर्ज. हैदराबादेत विल्यम पामरची पेढी होती. पामरचे वडील इंग्रज जनरल, आई मुसलमान खानदानातली. ही पेढी वऱ्हाड आणि औरंगाबादकडच्या फौजेचा पगार आगाऊ देई आणि बदल्यात महसुलाच्या वराता घेई. व्याज शेकडा चोवीस-पंचवीस! इंग्रजांनी देशी संस्थानिकांना कर्ज देण्याला कायद्याने बंदी होती, पण गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने १८१६ साली या पेढीला सूट दिली. पेढीचा एक भागीदार, सर विल्यम रम्बोल्ड, हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेल्या मुलीचा नवरा होता. रेसिडेन्सीतल्या काहींचे हितसंबंधही पेढीत गुंतलेले. म्हणजे खर्च वाढवा असे सांगणारे एका बाजूला आणि त्या खर्चासाठी कर्ज देणारे दुसऱ्या बाजूला, पण पंगत एकच.

१८२० मध्ये साठ लाखांचे नवे कर्ज ठरले. नव्याने आलेला रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ हिशेबाला पक्का होता. त्याने शोधून काढले की या साठांतले आठ लाख पेढीची बक्षिसी आहे! बराचसा पैसा जुन्या खात्यातून नव्या खात्यात गेलेला. अखेर १८२३ मध्ये पेढीचे देणे कंपनीने भागवले. त्यासाठी निझामाने उत्तर सरकार प्रांताची वर्षाला सात लाखांची पेशकश कायमची सोडली आणि एकरकमी सुमारे एक कोटी सोळा लाख घेतले. कायमचे उत्पन्न विकून चालू देणे फेडले. पेढी पुढच्या वर्षी बुडाली, पण फौज होती तशीच राहिली.

हे सगळे भरत कोण होते? आपली गावे. तालुक्यांचा वसूल बोलीने दिला जाई. ज्याची बोली जास्त, तो तालुकदार. बोलीचे पैसे त्याने सावकाराकडून किंवा अरब जमादाराकडून उचललेले. म्हणजे पीक उभे राहण्याआधीच त्यावर तीन-चार जणांचा हक्क बसलेला. कुणब्याच्या पदरात काय पडत असेल, हे हिशेब न मांडताही कळते.

चंदूलाल गेले, कर्ज राहिले. आता सावकार खुद्द कंपनी. निझाम नासिरुद्दौलांचे जवाहीर गहाण पडले. कंपनीचे देणे चाळीस लाखांवर गेले तेव्हा डलहौसीने तगादा लावला. गंमत अशी, की ही फौज तहात बसत नाही आणि तिचा खर्च अवाढव्य आहे, हे त्यालाही मान्य होते. निझामाच्या बाजूचे म्हणणे आणखी वेगळे होते : जालना आणि सिकंदराबादच्या छावण्यांतला अबकारीचा पैसा कंपनी वर्षानुवर्षे स्वतःकडे ठेवते आहे, तो वळता केला तर देणे जवळजवळ फिटते. ऐकतो कोण? २१ मे १८५३ ला तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली. सहाच दिवसांनी दिवाण सिराजुलमुल्क वारले आणि त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग गादीवर आला.

सालारजंगांनी बोली बंद केली, पगारी तालुकदार नेमले, १८६५ मध्ये जिलाबंदी केली, गहाण जवाहीर सोडवले. १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून १८६० मध्ये पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र नाही. उलट वऱ्हाडाच्या उत्पन्नाचा हिशेब मागण्याचा हक्कही त्याच तहात गेला. पाठोपाठ अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला! सालारजंग १८७६ मध्ये थेट इंग्लंडला जाऊन आले, तरी मुलूख परत आला नाही. १९०२ मध्ये कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाखांच्या बदल्यात कायमचा पट्ट्याने घेतला.

एकच बोली बोलणारे शेजारी असे फाटले. त्यांचे कायदे, शाळा, कचेऱ्या वेगळ्या झाल्या. मराठवाडा आणि वऱ्हाड पुन्हा एका राज्यात आले ते १९५६ साली, म्हणजे एकशे तीन वर्षांनी. आमची एक फुफी बुलढाण्याला दिलेली. तिच्या सासरचे लोक आम्हाला थट्टेने 'मोगलाईतले' म्हणत, तेव्हा ही रेघ कुणी ओढली हे मला कळत नसे.

आज महाराष्ट्रावरचे कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातल्या अंदाजाप्रमाणे नऊ लाख कोटींच्या वर आहे. आता मुलूख कुणी नेणार नाही, आणि पाटबंधाऱ्यांसाठी, शाळांसाठी काढलेल्या कर्जाला मी कर्ज म्हणून नाक मुरडणार नाही. माझा सवाल मंडपांचा आहे. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कविसंमेलनाला मी गेलो होतो. विमानतळावर असतो तसा लाल गालिचा, दोन बाजूंना पडदाभर आमचेच चेहरे, खुर्च्या हजारभर आणि माणसे शंभर. परतताना एका जुन्या स्नेह्याने विचारले, हा खर्च कशासाठी? मी चंदूलालांचे नाव घेऊन काहीतरी हसून बोललो. अब्बा असते तर त्यांनी वही पुढे ओढली असती. मानधनाचे पाकीट माझ्या शेरवानीच्या खिशात होते आणि ते मी परत केले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)