दिनविशेष, ७ ऑक्टोबर : लेपांतो, चौल आणि वऱ्हाड
१५७१ मध्ये आजच्या दिवशी ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांतो येथे स्पेन, व्हेनिस आणि पोप यांच्या संयुक्त आरमाराने तुर्की आरमाराचा धुव्वा उडवला. ‘डॉन किहोते’चा कर्ता सर्व्हांतेस याचा डावा हात याच लढाईत निकामी झाला. विजय धर्मयुद्धाचा म्हणून गाजला. पण दीडच वर्षात व्हेनिसने सायप्रसवर पाणी सोडून सुलतानाशी परस्पर तह केला. व्यापार अडला होता ना!

त्याच वर्षी आपल्याकडे अहमदनगरचा सुलतान मुर्तजा निजामशहा पोर्तुगीजांच्या चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, महिनोन्‌महिने वेढा घालून बसला होता. ठाणे काही पडले नाही. तह करून तो परतला आणि पुढे वऱ्हाडावर चालून आला. १५७४ मध्ये नरनाळा, गाविलगड घेऊन त्याने एलिचपूरची इमादशाही बुडवली. इथे तर धर्मयुद्धाचेही निमित्त नव्हते; या लढाईत दोन्हीकडचे राज्यकर्ते मुसलमानच होते.