कॅज्युअल्टीतली गर्दी : अभ्यासाची वाट

 आपत्कालीन विभागातल्या गर्दीचा अभ्यास करायला निघालेले बहुतेकजण एक समजूत सोबत आणतात: सर्दी-ताप, मुरगळलेला पाय घेऊन आलेल्यांनी कॅज्युअल्टी भरली आहे, त्यांच्यासाठी आधी वेळ न घेता थेट जाता येईल असा दवाखाना काढला की गर्दी ओसरेल. याच भरवशावर इंग्लंडने 2000 पासून परिचारिकांनी चालवलेली ‘वॉक-इन’ केंद्रे उघडली. लोकांना ती आवडली. पण 2003 च्या मूल्यमापनात जवळपासच्या आपत्कालीन विभागांतले रुग्ण ठळकपणे घटल्याचे आढळले नाही.

का, ते कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या 2007 मधील अभ्यासाने दाखवले. आठ तासांत किरकोळ दुखण्याचे 10 रुग्ण वाढले, तर इतरांना डॉक्टर भेटायला सरासरी दोनेक मिनिटेच उशीर होत होता. किरकोळ रुग्ण खुर्चीत बसतो, औषध घेऊन जातो. स्ट्रेचर अडते ते न्यूमोनियाच्या किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसामुळे. त्याला दाखल करायचे ठरलेले असते, पण वॉर्डात खाट रिकामी नसते. रुग्णांचे येणे, उपचार आणि बाहेर पडणे हे तिन्ही टप्पे एकत्र पाहा, असे संशोधक अ‍ॅस्प्लिन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्येच सुचवले होते. माझ्या मते या विषयाचा पाया तोच.

मग असे दवाखाने निरुपयोगी का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या दुकानांमधल्या क्लिनिकांविषयीच्या 2016 च्या अभ्यासात किरकोळ आजारांच्या 58 टक्के भेटी नव्याच निघाल्या. क्लिनिक नसते तर त्या झाल्याच नसत्या. तिथे ही खर्चातली वाढ ठरली. मुंबईत 2022 पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’त कामावरून परतलेली बाई रात्री रक्तदाब तपासून घेत असेल, तर त्या नव्या भेटीला मी वाढीव खर्च म्हणणार नाही. तिचे मोल कॅज्युअल्टीच्या रांगेवरून ठरवणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडे मोजमापही वेगळे लागेल. मोठ्या सरकारी रुग्णालयांत खाट नसली तरी पुष्कळदा रुग्णाला दाखल करतात, जमिनीवर गादी घालतात. कागदावर कॅज्युअल्टी मोकळी होते आणि तीच गर्दी वॉर्डात जाते. नव्या अभ्यासकाने त्या गाद्या मोजण्यापासून सुरुवात करावी, ही माझी आग्रहाची विनंती.