राख, माती आणि विजेचे पुस्तक

झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या आशीर्वादित झावळ्या वर्षभर क्रुसामागे राहतात आणि पुढल्या राखेच्या बुधवारी त्यांचीच राख आपल्या कपाळी येते. पवित्र वस्तूचा शेवट अग्नीत वा मातीत व्हावा, ही ख्रिस्तसभेची जुनी रीत. जीर्ण बायबल, पाने सुटलेले प्रार्थनापुस्तक रद्दीत न घालता जाळावे किंवा पुरावे, हे वडीलधाऱ्यांनी त्याच रीतीने शिकविले. कागद मातीतला, मातीत जाई.

२००७ साली अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र निघाले. २०१२ पासून ते भारतात रीतसर मिळू लागले. आता अमरावती-अकोल्याच्या घरांतूनही अशी बंद पडलेली यंत्रे कपाटात सापडतात. ज्यात रोजचे शास्त्रवाचन केले, ते यंत्र टाकावे कसे? पुरावे की जाळावे? माझ्या मते दोन्ही नाही. आदर शब्दाला आहे, काचेला व लिथियमच्या बॅटरीला नव्हे.

वऱ्हाडाला केराची शिकवण नवी नाही. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरताच खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. त्या काळचा केर उकिरड्यावर जाऊन खत होई. विजेच्या वस्तूचे खत होत नाही. पितळेसाठी नावाजलेल्या मुरादाबादेत तांब्याच्या आशेने सर्किटच्या पट्ट्या उघड्यावर जाळल्या गेल्या आणि त्यांची विषारी राख रामगंगेच्या काठी साचली. राख तीही, पण कपाळी लावण्याजोगी नव्हे.

भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली निघाले व मे २०१२ पासून लागू झाले. वस्तू बनविणाऱ्यानेच तिच्या अखेरची जबाबदारी घ्यावी, हे त्यांतील मुख्य सूत्र. एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम लागू आहेत. तेव्हा यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर न चढविता कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात द्यावे.

त्याआधी एक काम. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले. त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरविलेल्या प्रतींमुळे. म्हणून यंत्रातील टिपणे व खुणा आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, मग आपले खाते काढून सारे पुसावे. बॅटरी फुगली असेल तर मात्र यंत्र चार्जिंगला लावू नये, उचकटूही नये. तसेच नेऊन द्यावे.