हाली-कलदाराच्या दिवसांतला बाजार

पुंडलिकनगरात बसून गुलमंडीविषयी बोलावयाचे, म्हणजे नव्या घराच्या ओसरीवर जुन्या वाड्याची हकीकत सांगावयाची. येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांचे वाडवडील खेड्यापाड्यांतून आले, गारखेड्याच्या बाजूला त्यांनी घरे बांधली, आणि तटाच्या आतले शहर त्यांना लग्नाच्या बस्त्यापुरते ठाऊक झाले. समुद्रकाठच्या गावकऱ्यांजवळ जुन्या पेठेची गोष्ट काढली की ते प्रथम मासळीचा वास सांगतात. आमच्यापासून समुद्र शंभर कोसांवर. तरी आमच्या एका पेठेचे नाव मात्र मछली खडक! तेथे मासळी शोधावयास जाणाराच्या हाती कापड पडते. दुकान पालटते, नाव पालटत नाही, असा आमच्या गल्ल्यांचा स्वभाव आहे.

शहराचे नाव मात्र अनेकदा पालटले. 1610 साली मलिक अंबराने खडकी वसविली. 1626 मध्ये तिचे फत्तेनगर झाले. 1653 मध्ये औरंगजेब दक्षिणेच्या सुभेदारीवर पुन्हा आला आणि औरंगाबाद हे नाव पडले. 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. सनदा आणि फर्माने येत-जात राहिली, पण रंगार गल्ली ती रंगार गल्लीच, कासारी बाजार तो कासारी बाजारच. मोगली फौजांबरोबर रजपूत सरदार आले, त्यांची नावे कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा यांत राहिली. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाविषयी एक अक्षर न वाचलेली माणसे दर नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला जातात व नकळत त्याचे नाव घेतात.

पण श्रोतेहो, आज आम्हांला राजांपेक्षा दुकानदारांविषयी बोलावयाचे आहे.

आमच्या आजोबांचे रंगार गल्लीच्या तोंडाशी लहानसे दुकान होते. त्यांच्या गल्ल्यात दोन खण होते, एक हालीचा, एक कलदाराचा. निजामाच्या राज्यात चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया चाले. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. दर ठरलेला: सहा कलदारांना सात हाली. मुंबईहून 42 कलदारांचा माल आला की वहीत तो 49 हालींना मांडावयाचा, त्यावर हमाली व जकात चढवावयाची, आणि मग शेराला काय भाव पडतो ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगावयाचे. कागद-पेन्सिल नाही. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या मुनिमाला हे सारे पापणी लवण्याच्या आत जमे. 1900 च्या सुमारास येथे आगगाडी आली तेव्हापासून मनमाड ही आमची वेस झाली. तेथे गाडी पालटे आणि नाणेही पालटे. 1948 च्या सप्टेंबरात निजामी राज्य गेले, तरी हाली रुपया त्यानंतरही काही वर्षे बाजारात रेंगाळला. राजा जातो, त्याचे नाणे मात्र लोकांच्या कनवटीला राहते.

या बाजाराची भाषाही अशीच दोन खणांची. पाटी उर्दूत, वही मोडीत किंवा मारवाडीत, आणि भाव करावयाचा तो दख्खनी हिंदीत. गिऱ्हाईक ‘कितने कू दिया?’ म्हणून विचारी आणि दुकानदार ‘घ्या हो, तुमचंच दुकान आहे’ म्हणून उत्तर देई. हिमरू विणणाराचा उभा धागा सुताचा व आडवा रेशमाचा असतो. किमखाबाची जर ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी हे कापड. पण रूप असे की दुरून पाहणाऱ्याने किमखाबच म्हणावे. तुघलकाने 1327 मध्ये दौलताबादेस राजधानी हलविली तेव्हा हे विणकर आले, अशी परंपरेने सांगतात. आज हातमागावर हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि हिमरू म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळ यंत्रमागाचे असते. एवढे ओळखता आले तरी गिऱ्हाइकाने पुष्कळ कमावले.

जुन्या बाजाराच्या आठवणी गोडच निघतात. गुलमंडीवरच्या इमरतीप्रमाणे त्या पाकातून काढलेल्या असतात. परंतु त्याच बाजारात दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, वरून टाकलेला सौदा पदरात झेलणारी माणसेही होती. त्यांची मुले 1950 साली डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात जाऊ लागली, आणि त्यांच्यापैकी कोणाला ‘पूर्वीचा बाजार किती छान होता’ असे म्हणताना आम्ही ऐकलेले नाही. मराठीची अवस्थाही तेव्हा सुखाची नव्हती. उच्च शिक्षण उर्दूतून; 1915 पासून चाललेल्या सरस्वती भुवनसारख्या शाळेला मोल आले ते त्यामुळेच. आमच्या आजोबांना हे सारे माहीत होते. ते दुकानाच्या गोष्टी रंगवून सांगत, पण पायरीची गोष्ट निघाली की सुपारी कातरू लागत.

मग खरा बाजार कोठे सापडावा? आमच्या मते तो सापडला असता वह्यांत. कोण किती उधार नेई, दुष्काळात कोणाचे खाते थांबवले, कोणाचे थांबवले नाही, आडनावापुढे काय लिहीत, कोणत्या महिन्यात कोणते कापड खपे, हे सारे त्या लाल कापडी बांधणीच्या, दोऱ्याने बांधलेल्या लांबट वह्यांत होते. आमच्याकडे तशा पंधरा-वीस होत्या. प्रत्येक पानावर हाली आणि कलदार अशा दोन ओळी. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नाही, माळ्यावर जागा हवी होती, आणि 1965 च्या सुमारास रद्दीवाला दाराशी आला. तोवर शेर जाऊन किलोची वजने आली होती. वह्या आम्हीच खाली उतरवल्या, आम्हीच त्याच्या तराजूत टाकल्या, आणि काटा नीट धरतो की नाही, हे मात्र फार बारकाईने पाहिले.