एक कोठार, दोन खातेवह्या

वाचनालयातला जुना स्कॅनर फक्त पेनड्राइव्ह ओळखतो. मोडी कागदांची पानं थेट माझ्या लिनक्स संगणकात उतरावीत म्हणून दोघांना केबलने जोडायला गेलो आणि यूएसबीच्या इतिहासात शिरलो.

१९९६मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं तेव्हाच उतरंड ठरली : एक यजमान, बाकी सारी उपकरणं. यजमानाने विचारायचं, उपकरणाने उत्तर द्यायचं. (हे घडवणाऱ्यांत वडोदऱ्यात शिकलेले अजय भट्टही होते.) घरचे बहुतेक संगणक म्हणूनच जन्मजात यजमान, त्यांच्या पोर्टला उपकरण होता येत नाही.

भूमिका बदलायची मुभा २००१च्या ‘ऑन-द-गो’ पुरवणीने दिली. लिनक्सला उपकरण व्हायला शिकवलं ते डेव्हिड ब्राउनेल यांच्या ‘गॅजेट’ चौकटीने. अॅलन स्टर्न यांनी तिच्यावर एखादी फाइलच डिस्क म्हणून दाखवणारा ड्रायव्हर लिहिला. २०१५च्या रास्पबेरी पाय झीरोच्या पोर्टला दोन्ही भूमिका जमतात. तोच घेतला. स्कॅनरला तो पेनड्राइव्ह वाटला!

चुकलो मी. स्कॅनर जोडलेला असतानाच जागा करायला पायवरून जुन्या फाइली पुसल्या. यूएसबी डिस्क फाइली नव्हे, नुसते कप्पे देते-घेते. कुठल्या कप्प्यात काय, याचा हिशेब जो तो आपल्या स्मृतीत ठेवतो. एकच कोठार, दोन कारकून, दोन खातेवह्या. एका रुमालातली एकेचाळीस पानं गेली.

तो रुमाल मालकांनी आदल्या संध्याकाळीच परत नेला होता. आता केबल काढल्याशिवाय ती फाइल उघडत नाही. मालकांना मात्र अजून पुन्हा विचारलेलं नाही.