थेंबांचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड शेमिन या जीवरसायनशास्त्रज्ञाने एकदा तीन दिवसांत ६६ ग्रॅम ग्लायसीन खाल्ले. ग्लायसीन हे साधे अमिनो आम्ल. पण यातल्या नायट्रोजनवर खूण होती : त्यात नायट्रोजन-१५ हा जड पण किरणोत्सारी नसलेला समस्थानिक नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होता. मग ते स्वतःचे रक्त काढून तपासत राहिले. जड नायट्रोजन हिमोग्लोबिनमधल्या हीमपर्यंत पोचला, तिथे बरेच दिवस टिकून राहिला आणि कित्येक आठवड्यांनी ओसरू लागला. म्हणजे हीम पेशीबरोबर जन्मते आणि पेशीबरोबरच मोडते. शेमिन आणि रिटनबर्ग यांनी १९४६ साली पेशीचे सरासरी आयुष्य जाहीर केले : सुमारे १२७ दिवस.

त्याआधी १९१९ मध्ये विनिफ्रेड ॲशबी यांनी वेगळी युक्ती केली होती. ए गटाच्या रुग्णाला ओ गटाचे रक्त द्यायचे. नंतर रुग्णाच्या रक्तात असा रक्तद्रव मिसळायचा, की त्याच्या स्वतःच्या पेशींच्या गुठळ्या होतील. सुट्या राहतील त्या पाहुण्या पेशी, त्या मोजायच्या. आम्हाला ही युक्ती फार आवडते. महागडे यंत्र लागत नाही, फक्त सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी.

प्रौढाचे गणित यामुळे सोपे झाले. पेशींची संख्या स्थिर असते, म्हणून जितक्या मरतात तितक्याच तयार होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र काहीच स्थिर नसते. आपण एक किलोचे बाळ घेऊ. रक्त साधारण ९० मिलिलिटर. त्याच्या पेशी प्रौढापेक्षा खूप कमी जगतात, ५० दिवस धरू. तर रोज पन्नासावा भाग, म्हणजे १.८ मिलिलिटर रक्तातल्या पेशी नुसती झीज भरायला हव्यात. बाळाचे वजन रोज दीड टक्का वाढले, तर त्या प्रमाणात आणखी १.३५ हव्यात. बेरीज तीन मिलिलिटरच्या थोडी वर. (हे गणित आठवीच्या वर्गात सहज करून घेता येईल.) आता तपासणीसाठी एक मिलिलिटर रक्त काढले, तर रोजच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला!

आणि नेमके याच वेळी उत्पादन मंदावते. जन्मानंतर श्वासातून भरपूर ऑक्सिजन मिळतो, तेव्हा एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक घटते आणि अस्थिमज्जा सुस्तावते. बाहेरून रक्त द्यावे लागले, तर हिशेब आणखी गुंततो. उत्पादन म्हणजे पेशींच्या साठ्यातील वाढ, अधिक मेलेल्या पेशी, अधिक काढलेल्या, वजा बाहेरून दिलेल्या. यातली ‘मेलेल्या’ ही रक्कमच सर्वांत अवघड.

१९५० पासून प्रौढांच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करत, पण तान्ह्या बाळाला किरणोत्सार देणे कोणाला रुचणार? रेटिक्युलोसाइट, म्हणजे नवजात तांबड्या पेशी, मोजून अंदाज येतो, पण ढोबळ. हीम मोडताना दर रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो. तो श्वासात मोजून झीज कळते, त्यासाठी सुई टोचावी लागत नाही. मात्र हा वायू केवळ तांबड्या पेशींतल्या हीमपासून येत नाही.

एकविसाव्या शतकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी बायोटिन या जीवनसत्त्वाची खूण अशा बाळांच्या बाबतीत वापरली. थोड्या पेशींवर बायोटिन चिकटवून त्या परत सोडायच्या आणि पुढे त्यांतल्या किती उरल्या हे अधूनमधून मोजायचे. प्रत्येक वेळी रक्ताचे काही थेंब पुरतात. तेही ‘काढलेल्या’ या रकान्यात लिहावे लागतात.