ली शीझेन: जुन्या पुस्तकांतल्या चुका काढणारा वैद्य

आजचा माणूस चीनचा. मिंग काळातला वैद्य, ली शीझेन. जन्म १५१८, गाव चिचौ, आजचा हूपे प्रांत.

वडील वैद्यच. पण वैद्याला तेव्हा फारसा मान नव्हता, म्हणून पोराने सरकारी अधिकारी व्हावं ही त्यांची इच्छा. पोरगा प्रांतिक परीक्षेत तीनदा नापास झाला. (आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षावाल्यांना हे वेगळं सांगायला नको.) मग वडिलांच्याच हाताखाली शिकला.

औषधं देताना त्याच्या लक्षात आलं की ज्या ग्रंथांवर सगळे वैद्य विसंबतात, त्यांतच घोळ आहे. दोन वेगळ्या वनस्पती एकाच नोंदीत, तर एकच वनस्पती दोन नावांनी दोनदा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असा जुना कोड सापडला की आम्ही कॉमेंट टाकून पुढे जातो. इथे मात्र चुकीची मुळी थेट रोग्याच्या पोटात जाणार. आणि पारा! तो घेतल्याने माणूस अमर होतो, असं जुन्या ग्रंथांत होतं. लीने स्वच्छ लिहिलं की या नादात कित्येक जण अपंग झाले, जिवाला मुकले.

१५५२ मध्ये तो कामाला लागला. शेकडो ग्रंथ वाचले, गावोगाव फिरला, शेतकरी, कोळी, शिकारी यांना विचारत बसला. मला सगळ्यात आवडतो तो खवले मांजराचा किस्सा. जुनी समजूत अशी, की हा प्राणी खवले उघडून मेल्याचं सोंग करतो, मुंग्या आत शिरल्या की खवले मिटतो आणि पाण्यात जाऊन त्या खातो. लीने प्राणी चिरूनच पाहिला. पोटात साधारण लिटरभर मुंग्या! आणि त्या तो जिभेने पकडतो, हेही त्याने नोंदवलं.

१५७८ मध्ये तिसरा खर्डा पूर्ण झाला. ‘पन्त्साव कांगमू’: ५२ खंड, १,८९२ औषधी द्रव्यं, अकरा हजारांवर पाककृती, म्हणजे औषधांच्या. पण छापणार कोण? १५८० मध्ये तो प्रस्तावनेसाठी वांग शीचेन या नामवंत साहित्यिकाकडे गेला. प्रस्तावना हातात पडली १५९० मध्ये. ली १५९३ मध्ये वारला, आणि ग्रंथ नानचिंगमध्ये छापून आला १५९६ मध्ये.

चुका त्याच्याही राहिल्या. खवले मांजराचं पोट त्याने तपासलं, पण त्याचे खवले औषध म्हणून ग्रंथात तसेच ठेवले. चीनच्या अधिकृत औषधकोशातून ते वगळले गेले २०२० मध्ये.